घटक-ओळखनाम (एचटीएमएल व सीएसएस)

वेबपानातील एखाद्या घटकाला दिलेले आणि त्या पानात एकदाच येणारे नाव. रूढ शब्द ‘आयडी’. त्याच्या आधारे पानातल्या नेमक्या जागी दुवा देता येतो, घटकाला शैली लावता येते व जावास्क्रिप्टमधून तो हाताळता येतो.

१९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये आयडीची सुरुवात रोमन अक्षरानेच करावी लागे. पुढे अक्षरे, अंक, जोडरेघ, अधोरेघ, अपूर्णविराम आणि पूर्णविराम एवढेच चाले. एचटीएमएल ५ ने हे बंधन जवळजवळ काढूनच टाकले: नाव रिकामे नसावे व त्यात मोकळी जागा नसावी, इतकेच. खरी अडचण येते ती सीएसएसमध्ये. तेथे नाव इंग्रजी अंकाने सुरू करता येत नाही, त्यामुळे एचटीएमएलला वैध असलेला आयडी शैलीपत्रकात निकामी ठरू शकतो. पूर्णविरामाचेही तसेच. ‘#धडा.दोन’ असे लिहिले, तर ‘धडा’ हा आयडी आणि ‘दोन’ हा वर्ग असलेला घटक शोधला जातो. पूर्णविरामाआधी उलटी तिरपी रेघ (\) दिली की काम भागते. पण मुळात तसे नाव न ठेवणेच बरे.

देवनागरी नावे दोन्हीकडे चालतात; गंमत म्हणजे ‘१ला-धडा’सुद्धा, कारण सीएसएसची मनाई इंग्रजी अंकांपुरती आहे. मात्र ‘दऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ वापरून किंवा ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन, असा दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात आणि दुवा मुकाट्याने तुटतो.