खंड्याची पालखी

साताऱ्यात पाहुणा आला की मी त्याला संगम माहुलीला नेतो. कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं देऊळ, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव, एवढं सगळं दाखवून झालं की शेवटी कुत्रा दाखवतो. दगडी आहे, नदीकाठीच आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात. थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. महाराज १७४९ मध्ये गेले, त्यांचं दहन इथंच झालं. म्हणजे धनी आणि कुत्रा दोघेही एकाच घाटावर.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून सातारा-सांगलीत नोकरी केली. गोचीड, खरूज आणि जंत यांत हयात गेली, त्यामुळे इतिहास मला जनावराच्या बाजूनं दिसतो. खंड्याची हकीकत ग्रँट डफनं लिहून ठेवली आहे. हा गृहस्थ १८१८ नंतर चार वर्षं साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापून आला. वाघाच्या शिकारीत या कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला. मग महाराजांनी त्याला रीतसर सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला. पुढं एकदा दरबारात सरदार भेटीला यायचे होते, तर महाराजांनी कुत्र्याला भरजरी पोशाख आणि दागिने घातले, आपली पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. आणि त्यानंतर स्वतः डोक्याला कधी काही घातलं नाही.

डफ याला म्हातारपणाची लहर म्हणतो. म्हणो बापडा. पालखी म्हटली की नुसतं मखमली आसन नव्हे. भोई आले, त्यांचे पगार आले, डागडुजी आली, आणि हा सगळा सरंजाम चालू ठेवला होता हे डफच सांगतो. मला नेहमी त्या भोयांची गंमत वाटते. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोनं विचारलं असेल, आज कुणाला वाहिलंत?

रायगडावर शिवाजी महाराजांचा म्हणून दाखवतात त्या वाघ्या कुत्र्यावरून वाद होतात. खंड्याला मात्र निदान लिहिलेला आधार आहे, तरी त्याच्याकडं फारसं कुणी फिरकत नाही.

नावही आपल्या मातीतलं. कऱ्हाड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबाचं लग्न लागतं, तिथं देवाच्या घोड्याजवळ कुत्रं असणारच. खंडोबाचे भक्त वाघ्ये तर देवापुढं स्वतःच कुत्रं व्हायचे, भुंकायचे, भिक्षेच्या कोटंब्यातलं खायचे. इकडं सांगलीकडं औदुंबर हे दत्ताचं ठाणं, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री, म्हणजे चार वेद. देवळात एवढा मान, आणि अंगणात आलं की हाड! हे दोन्ही एकाच घरातली माणसं करतात, हे मी रोज पाहिलंय.

कुत्र्याचा खरा हिशेब ठेवला तो माण, आटपाडी, जतच्या धनगरांनी. दिवाळी झाली की मेंढरांचे वाडे कृष्णाकाठाकडं निघायचे. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, लहान पोरं, आणि मागंपुढं कुत्री. रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, कोकरांभोवती वाघर, म्हणजे जाळं, लावायची. लांडगा येतो तो पहाटे. म्हणून कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा, टोकं बाहेर, कारण लांडगा धरतो तो नरड्यालाच. शिकवण्याची पद्धत म्हणाल तर पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांत ठेवायचं. ते मेंढरांच्या वासातच वाढतं, मग त्याला ती आपलीच वाटतात. उनाड निघालं, मेंढरामागं पळायला लागलं, तर गळ्यात आडवं लाकूड. पळालं की गुडघ्यावर बसतं. चार दिवसांत शहाणं होतं. मारहाण नाही. एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं, "मारलेलं कुत्रं मालकाकडं बघतंय, लांडग्याकडं न्हाई." आणि वाड्याजवळ कुत्रं अंगावर आलं तर काय करायचं, हेही त्याच्याकडूनच शिकलो. पळायचं नाही, काठी उगारायची नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. जागीच उभं राहून मालकाला हाळी द्यायची.

जतच्या बाजूला दुसरी एक जात, कारवान. लांब तोंड, आत गेलेलं पोट, वाऱ्यासारखं पळणारं. शेजारच्या मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ती नावारूपाला आणली, विलायतेच्या राजालाही भेट दिली. २००५ मध्ये मुधोळ कुत्र्याचं टपाल तिकीट निघालं. पण हे कुत्रं सशामागं पळण्यासाठी घडलेलं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकार म्हणजे गुन्हा. आता कुणी ते हौसेनं तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणतात, आणि महिन्याभरात मला विचारतात, सोफा का फाडतो? त्याला पहाटे मोकळ्या माळावर दमवा, एवढंच माझं औषध.

हे सगळं मिळालं कुत्र्याला: जहागीर, पालखी, देवाच्या पायाशी जागा, खिळ्यांचा पट्टा. पिसाळण्यावरची सुई मात्र फार उशिरा मिळाली.

१९७४ मध्ये, मी नऊ वर्षांचा असताना, आमच्या माणातल्या गावात मला पिसाळलेलं कुत्रं चावलं. आजीनं पोटरीवर तिखट भरलं. खरं तर तेव्हा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायला हवी होती, पण पाणीच दोन मैलांवरून यायचं. मग बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. रोज एक. दहाव्या दिवशी दवाखान्यात लस संपली म्हणून परत पाठवलं, तेव्हा वडील एसटी स्टँडवर बसून रडले होते. ती लस कसली, हे पुढं नोकरीत कळलं. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली: मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा आणि फिनॉलनं मारायचा. म्हणजे कुत्रं ज्या मेंढीची राखण करतं, तिच्याच मेंदूतून कुत्र्याच्या चाव्यावरचा उतारा. लसीनंच क्वचित कुणाला लुळेपणा यायचा. २००४ च्या अखेरीस ती आपल्याकडं बंद झाली. आताची सुई दंडाला घेतात, दुखतही नाही.

माणसाला टोचण्यापेक्षा कुत्र्याला टोचणं सोपं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग वर्षाला एक. पण वाड्यावरच्या कुत्र्याला धरणार कोण? भिलवडीजवळच्या रानात एकदा सकाळी मी बर्फाचा थर्मास घेऊन गेलो. औदुंबर तिथून जवळच. पाच कुत्री होती. चार धरली. पाचवं, पांढऱ्या छातीचं, पट्ट्याचे खिळे झिजलेलं, कुणालाच हात लावू देईना. मी तोंडाला बांधलेल्या पट्टीची गाठ त्यानं दोनदा सोडवली.

वाड्यावरचा म्हातारा उठला. डोक्याचा लाल फेटा सोडला, कुत्र्याच्या तोंडाभोवती तीन वेढे दिले, मानेमागं गाठ मारली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. "हाण आता," म्हणाला. एक मिलिलिटर, कातडीखाली. कुत्रं हललंसुद्धा नाही.

मग त्यानं फेटा सोडला, लाळ झटकली आणि उभ्या उभ्या पुन्हा डोक्याला बांधला.