हिरव्या पाण्याची रात्र

दिवस भरून आठवडा उलटलेल्या बाईची शनिवारची रात्र अशीही जाऊ शकते. कुसगावातल्या कुणा एकीची ही हकिगत नाही. अशा बाळंतपणांत जे जे चुकतं, ते इथे वेळेनुसार लावलं आहे.

जन्माआधी ६ तास. पाणमोट फुटते. पाणी हिरवट. "बाळानं पोटातच शी केली," सासूबाई बरोबर ओळखतात. दिवस वर गेले की हे बऱ्याचदा होतं, आणि बहुतेक बाळं तरीही खणखणीत रडत येतात. पण हा रंग दिसला की निघायचं. घरचे कळा वाढायची वाट बघतात.

४ तास. आशाताई १०८ ला फोन लावतात. पाऊस, आणि लोणावळ्याकडे पर्यटकांच्या गाड्यांची रांग.

१ तास. आरोग्य केंद्रात पोचतात. पाणी आता दाट. कळ ओसरली तरी बाळाचे ठोके लवकर सावरत नाहीत.

१० मिनिटं. माझ्या मते सगळं इथेच ठरतं. नवजाताच्या मापाचा मास्क आणि श्वास देण्याची बॅग टेबलावर हवी, ती दाबून तपासलेली हवी, आणि ती कोण हातात घेणार हेही आधीच ठरलेलं हवं. २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात नर्सना हेच शिकवतात. इथे बॅग कपाटात आहे.

जन्म. बाळ लोळागोळा. रडत नाही.

२० सेकंद. "आधी घाण काढा!" सगळे सक्शनच्या नळीकडे धावतात. त्यांना दोष कसा द्यायचा? कित्येक वर्षं डॉक्टरांना तेच शिकवलं होतं. २००४ साली २,५१४ बाळांच्या अभ्यासात, डोकं बाहेर येताच नाक-तोंडातली घाण ओढून काही फायदा होत नाही, हे दिसलं. निपचित बाळाच्या श्वासनलिकेतली घाण ओढून तरी फायदा होतो का, हे पुदुच्चेरीच्या जिपमरमधल्या आणि दिल्लीतल्या डॉक्टरांनी तपासलं. तोही दिसला नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सूचनाच बदलल्या. हात मात्र बदलले नाहीत.

६० सेकंद. एव्हाना बाळाला पुसून, उबेत ठेवून, मान किंचित मागे करून, तोंडात काही अडकलेलं दिसलं तरच ते काढून, बॅगने श्वास सुरू व्हायला हवा होता. मिनिटाला ४० ते ६०, आणि प्रत्येक दाबाला छाती वर यायला हवी. नळी अजून घशातच आहे.

४ मिनिटं. ठोके ६० च्या खाली. कुणीतरी कपाट उघडतं.

९ मिनिटं. बाळ पहिला श्वास घेतं.

१४ तास. पुण्यात, अतिदक्षता विभागात, बाळाला झटके येऊ लागतात. एक्स-रेमध्ये फुफ्फुसं जवळपास स्वच्छ आहेत. इजा मेंदूला झाली आहे.