किझी येथील ओशेव्नेव्ह यांचे घर : जीर्णोद्धार आणि पाठचिकित्सा

उत्तर रशियातील करेलिया प्रदेशात, ओनेगा सरोवरामध्ये, किझी नावाचे एक लहानसे बेट आहे. १७१४ साली उभारलेल्या बावीस घुमटांच्या लाकडी चर्चमुळे ते विख्यात झाले. परंतु ग्रामीण समाजाच्या अभ्यासकास तेथील ओशेव्नेव्ह या शेतकरी कुटुंबाचे घर अधिक बोलके वाटेल.

हे घर मूळचे किझीचे नव्हे. १८७६ साली ते जवळच्याच बोल्शोय क्लिमेनेत्स्की बेटावर बांधले गेले आणि १९५१ साली वास्तुतज्ज्ञ ओपोलोव्निकोव्ह यांच्या देखरेखीखाली सुटे करून किझीस पुन्हा उभारण्यात आले. १९६६ साली स्थापन झालेल्या संग्रहालयाच्या आरंभीच्या वास्तूंत त्याची गणना होते.

उन्हाळ्यात बोटीने येणाऱ्या प्रवाशाची दृष्टी घराच्या कोरीव खिडक्यांवर व सज्जांवर खिळते. सरोवर गोठल्यानंतर येणाऱ्यास मात्र प्रथम त्याच्या रचनेचे प्रयोजन उमगते. राहण्याच्या खोल्या व गोठा एकाच रुंद, विषम उताराच्या छपराखाली शेजारी शेजारी आहेत. गोठ्यात जनावरे आणि त्यावरील मजल्यावर गवत व शेतीची अवजारे, अशी ही व्यवस्था. बाहेर हिमवादळ असले तरी घरधन्यास जनावरांना वैरण घालण्यासाठी उंबरठा ओलांडावा लागत नसे. या प्रकारच्या घरास ‘कोशेल’, म्हणजे टोपली किंवा थैली, असे म्हणतात. सारा संसार एका टोपलीत सामावलेला, हा अर्थ उघड आहे.

घरातील इतर शब्दही हेच सांगतात. ‘इज्बा’ म्हणजे भट्टीची ऊब असलेली खोली. ‘सेनी’ म्हणजे बाहेरची थंडी अडविणारी, न तापविलेली देवडी. ‘इज्बा’चे जुने रूप ‘इस्तबा’ होय. त्याचा संबंध अनेक विद्वान जर्मानिक भाषांतील ‘श्टुबे’ या शब्दाशी जोडतात. लोकव्युत्पत्ती मात्र तो भट्टी पेटविण्याच्या क्रियापदाशी जोडते. व्युत्पत्ती म्हणून ही लोकसमजूत ग्राह्य नसेल. परंतु बोलणाऱ्यांच्या मनात घर आणि ऊब यांचे ऐक्य किती दृढ होते, याचा तो पुरावाच आहे.

प्रश्न उरतो तो या साक्षीच्या विश्वसनीयतेचा. वास्तूवरील उत्तरकालीन थर दूर करून तिचे मूळ रूप प्रकट करावे, असा ओपोलोव्निकोव्ह यांचा आग्रह होता. किझीच्या त्या मोठ्या चर्चवर एकोणिसाव्या शतकात चढविलेले फळ्यांचे आवरण त्यांनी याच भूमिकेतून १९५० च्या दशकात काढविले. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने सर्व कालखंडांच्या रास्त योगदानाचा आदर करावा, असे तत्त्व मांडले. संपादक प्रक्षिप्त पाठ गाळतो, तेव्हा तो निदान तळटीपेत शिल्लक राहतो. काढून टाकलेल्या फळीस अशी तळटीप नसते.

म्हणून अशा घरास मूळ हस्तलिखित न मानता संपादित प्रत मानणेच युक्त होय. त्याचे गाव, शेजार आणि किनारा त्या प्रतीत उतरलेले नाहीत. तथापि गोठा आणि भट्टी यांना एका छपराखाली आणणारा आराखडा थंडीने ठरविलेला आहे, आणि तोच या पाठाचा सर्वांत विश्वसनीय अंश होय.