टाचेमागची दोरी

कॅम्पिंगला किंवा छोट्या डोंगरवाटांसाठी सँडल घ्यायला माणूस दुकानात गेला की त्याचा हात आधी तळाकडे जातो. आपल्याकडे ज्याला फ्लोटर म्हणतात ते हातात घ्यायचं, तळ अंगठ्यानं दाबून पाहायचा, वाकवून पाहायचा, खालच्या खाचा किती खोल आहेत ते न्याहाळायचं, आणि पायात घालून दोन पावलं टाकून ‘मऊ आहे’ म्हणून पैसे द्यायचे. पट्ट्यांकडे पाहिलं जातं ते रंगापुरतं. या पायताणाचा इतिहास मात्र नेमकं उलटं सांगतो. तळ जागोजागी आणि काळागणिक बदलत गेला. गवताचा झाला, चामड्याचा झाला, टायरचा झाला, फोमचा झाला. बदलली नाही ती टाचेला आणि घोट्याला धरून ठेवणारी दोरी. ती असली की पायताण वाटेवर चालतं आणि नसली की अंगणातच राहतं.

हाती लागलेला सर्वांत जुना पुरावाच याची साक्ष देतो. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या फोर्ट रॉक गुहेत 1938 साली ल्यूथर क्रेसमन या मानवशास्त्रज्ञाला ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली डझनांनी पायताणं सापडली. सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीचे दोर वळून ती विणलेली होती. पुढे कार्बन पद्धतीनं काळ काढला तेव्हा ती 9,000 ते 10,500 वर्षांपूर्वीची ठरली. मानवाच्या पायताणांचे इतके जुने नमुने जगात दुसरे नाहीत. त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. विणकाम टाचेकडून सुरू होऊन बोटांकडे जातं, तिथे दोर बारीक करून मागे वळवले जातात आणि बोटांवर एक झाप तयार होतो. तळाच्या एका कडेला बांधलेली दोरी घोट्याभोवती फिरून दुसऱ्या कडेला अडकते. दगडधोंड्यांच्या मुलखात बोटं झाकायची आणि घोटा बांधायचा, एवढं त्या माणसांना पक्कं कळलेलं होतं. झाप आणि दोरी या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुढे त्या पुन्हा भेटतील.

जपानात तर याच गोष्टीचा जणू शेजारीशेजारी मांडलेला प्रयोग दिसतो. तिथे भाताच्या पेंढ्याचं पायताण दोन रूपांत नांदलं. झोरीला अंगठ्याजवळ एक पट्टा, टाच मोकळी. घराबाहेर चार पावलं जायचं तर ती पुरे. वाराजीचा तळही पेंढ्याचाच, पण तिच्या कडांना फासे ठेवलेले असत आणि त्यांतून दोरी ओवून ती घोट्याला घट्ट बांधत. यात्रेकरू, हमाल, सैनिक लांबच्या वाटेला निघत ते वाराजी बांधून. ती फार टिकत नसे, वाटेत नवी घ्यावी लागे, तरी तिच्या जागी झोरी घालून कोणी डोंगर ओलांडायला निघालं नाही. शेवाळलेल्या ओढ्यांतून वर चढण्याचा जो जपानी छंद आहे, त्यातही ओल्या दगडावर पकड हवी म्हणून वाराजी दीर्घकाळ वापरात राहिली. साहित्य एक, वीण एक, फरक फक्त बांधणीचा. आणि तेवढ्यानं एक घरची झाली, दुसरी वाटेची.

दुसरीकडे रोमन सैनिकाची कॅलिगा. ती उघडीच होती, चामड्याच्या पट्ट्यांची, पण त्या पट्ट्या टाच कवेत घेऊन घोट्याच्या वर आवळल्या जात. तळाला लोखंडी खिळे ठोकलेले असत. मातीच्या वाटेवर ते उत्तम. पण जेरुसलेमच्या मंदिराच्या गुळगुळीत फरसबंदीवर ज्युलियानस नावाचा शूर शतपती याच खिळ्यांमुळे घसरून पडला आणि मारला गेला, असं इतिहासकार जोसेफसनं नोंदवलं आहे. तळ हा असा असतो: एका जमिनीवर तारतो, दुसरीवर दगा देतो. मेक्सिकोतल्या खोल दऱ्यांमध्ये राहणारे रारामुरी लोक जुन्या टायरचा तुकडा कापून त्याला वादी ओवतात आणि ती घोट्याभोवती बांधतात. ‘वाराचे’ म्हणतात ती अशी पायताणं घालून धावणारा व्हिक्टोरियानो चुर्रो हा 55 वर्षांचा धावक 1993 साली कोलोरॅडोतली लेडव्हिलची 100 मैलांची पर्वती शर्यत जिंकला. टायरच्या तुकड्यात मऊपणा असा काही नव्हता.

आता आजच्या सँडलचा जन्म. दुसऱ्या महायुद्धानंतर झोरीच्या धर्तीवरची रबरी चप्पल जगभर पसरली. ब्राझिलमध्ये 1962 साली हवायानास आली, तिच्या तळावर पेंढ्याच्या विणीची आठवण देणारी भाताच्या दाण्यांची नक्षी होती. आपली स्लिपर याच घराण्यातली. म्हणजे जगानं जपानकडून उचलली ती घरची झोरी, वाटेची वाराजी तिथेच राहिली. ही उणीव उघडी पडली ती ग्रँड कॅन्यनमध्ये. कोलोरॅडो नदीवर रबरी तराफ्यांतून प्रवाशांना नेणाऱ्या वाटाड्यांपुढे दोनच पर्याय असत: कॅनव्हासचे बूट, जे एकदा भिजले की दिवसभर ओले, आणि रबरी चप्पल, जी पाण्यात उतरताच पायातून निसटून वाहून जाई. मार्क थॅचर हा भूभौतिकी शिकलेला तरुण तिथे वाटाड्याचं काम करत होता. त्यानं 1984 साली चपलेला नायलॉनचा पट्टा जोडला आणि तो घोट्यामागून आणून व्हेल्क्रोनं चिकटवला. पेटंट 1988 साली मिळालं. निसर्ग या अर्थाचा ‘तेवा’ हा हिब्रू शब्द त्यानं नाव म्हणून घेतला. या कल्पनेला क्रांतिकारक म्हणण्याची प्रथा आहे. थॅचरच्या नजरेचं मोल मोठंच आहे, पण त्यानं घडवलं ते पायताण म्हणजे झोरीला परत बांधलेली वाराजीची दोरी होती.

नवी होती ती गाठ. स्वित्झर्लंडचा अभियंता जॉर्ज द मेस्त्राल 1941 साली कुत्र्याला घेऊन रानात गेला असता कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळं चिकटून आली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची आकड्यांसारखी टोकं पाहून त्याला व्हेल्क्रो सुचलं. मखमल आणि आकडा या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांना जोडून ते नाव झालं. ओल्या बोटांनी चटकन लावता आणि सोडता येणारं हे बंधन नदीवर फार सोयीचं ठरलं. त्याचा दोषही नदीवरच कळला: वाळू आणि गाळ भरला की आकडे धरत नाहीत. म्हणून 1989 मध्ये कोलोरॅडोच्याच मार्क पेगन या नदीवाटाड्यानं ‘चाको’ काढताना व्हेल्क्रो बाजूला ठेवलं आणि एकच सलग पट्टी तळाच्या आतून ओवून बक्कलनं आवळली. पुढे 2003 मध्ये ‘कीन’ कंपनीच्या न्यूपोर्ट सँडलनं बोटांपुढे रबरी कवच आणलं. फोर्ट रॉकचा झाप हा असा परत आला.

यावर पहिला आक्षेप असा की तळाला एवढं कमी का लेखावं. घसरून पडणारा माणूस तळामुळेच पडतो. तळ महत्त्वाचा आहेच, टाकाऊ रबर घेऊ नये. पण तळाची पकड जमिनीशी असते आणि पायाची तळाशी असावी लागते. उतारावर पाय चपलेत पुढे सरकला तर खालचं रबर कितीही चिवट असो, बोटांवर आणि गुडघ्यांवर भार येतोच. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात 2008 साली झालेल्या अभ्यासात मोकळ्या टाचेच्या चपलेनं लोकांची पावलं आखूड होतात असं आढळलं. पायातून निसटू नये म्हणून बोटं तिला सतत आवळून धरत असतात.

दुसरा आक्षेप घरचा आणि वजनदार आहे. सह्याद्रीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या साध्या वहाणांनी घाट चढली-उतरली, त्यांना कुठे टाचेचा पट्टा लागला? याचं उत्तर त्यांच्या पायांत आहे. लहानपणापासून अनवाणी फिरलेली रुंद, पसरलेली बोटं वहाणेचा अंगठा जसा धरतात तसा शहरी बुटांत वाढलेली बोटं धरू शकत नाहीत. आणि ओढा किंवा चिखल आला की तीच माणसं वहाणा हातात घेतात, हेही विसरू नये. कोल्हापुरी चपलेबद्दल अनादर म्हणून हे लिहीत नाही. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ती कारागिरी अस्सल आहे, पण ते चामडं पावसाळी वाटेसाठी नव्हे. तिसरा आक्षेप काट्यांचा, जळवांचा आणि सापांचा. तो मला पूर्ण मान्य आहे. गचपणातून, घसाऱ्यावरून किंवा रात्री चालायचं असेल तर बूटच हवेत. सँडलचा मुलूख म्हणजे तंबूभोवतीचा वावर, ओढ्याकाठ, आणि दिवसाउजेडी मळलेली, हलकी वाट.

तेव्हा दुकानात तळ दाबून झाला की दोन्ही सँडल पट्टे आवळून घाला आणि जवळच्या जिन्यावरून भरभर उतरा. बोटं पुढच्या कडेच्या बाहेर आली किंवा टाच बाजूला सरकली, तर तो जोड कितीही मऊ असला तरी परत ठेवा. टाचेचा पट्टा नुसता शोभेचा, न आवळता येणारा असेल तर घेऊच नका. पाण्यात वापरायचं असेल तर बक्कल पाहा, कोरड्या वाटेला व्हेल्क्रो चालेल. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नवा जोड विकत घेऊ नका. पट्टा कुठे घासतो ते कळायला तो जोड घरी आठवडाभर तरी वापरा.