विरळ, विलक्षण, दुर्मिळ : 'रेअर' या विशेषणाचा अर्थप्रवास

इंग्रजीतील 'रेअर' हे विशेषण लॅटिन 'रारुस'पासून आले. त्याचा आद्य अर्थ विणीशी निगडित आहे : जे दाट नाही, ज्याच्या घटकांत मोकळी जागा आहे, ते. लुक्रेशियसने पोकळी सामावून घेणाऱ्या पदार्थांसाठी हेच विशेषण योजिले. संस्कृत 'विरल' आणि मराठी 'विरळ' यांचाही प्रवास असाच झालेला दिसतो. विरळ वीण, विरळ हवा, विरळ वस्ती आणि अखेरीस 'विरळा' माणूस. (अर्धकच्च्या मांसाला लावला जाणारा 'रेअर' हा शब्द जुन्या इंग्रजीतील वेगळ्याच धातूचा वंशज असल्याने तो येथे अप्रस्तुत होय.)

अवकाशातील विरळपणा संख्येकडे सरकला, तेव्हा 'क्वचित आढळणारे' हा अर्थ सिद्ध झाला. पुढचे स्थित्यंतर अधिक महत्त्वाचे आहे. शेक्सपिअरच्या काळापर्यंत 'रेअर' म्हणजे 'विलक्षण, उत्कृष्ट' असा स्तुतिवाचक प्रयोग रूढ झाला होता. १६३७ साली निवर्तलेल्या बेन जॉन्सनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील चार शब्दांच्या स्मृतिलेखात त्याच्या नावाआधी हेच विशेषण आहे. तेथे संख्येचा निर्देश संपून मूल्यनिर्णय सुरू होतो.

या दोन अर्थांतील सरमिसळ ग्रंथव्यवहारात स्पष्ट होते. १८१२ साली रॉक्सबर्ग संग्रहाच्या लिलावात बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'ची १४७१ मध्ये छापलेली प्रत २,२६० पौंडांना विकली गेली. १८१९ मध्ये तीच प्रत सुमारे ९१८ पौंडांना गेली. प्रतीचा विरळपणा तोच होता. कलाकृतीही तीच होती. बदलली ती केवळ लालसा.

विज्ञानातील उदाहरणही उद्बोधक आहे. 'रेअर अर्थ' म्हटल्या जाणाऱ्या मूलद्रव्यांपैकी सीरियम भूकवचात जवळपास तांब्याइतके आढळते. मात्र ही मूलद्रव्ये एकवटलेल्या स्वरूपात सहसा सापडत नाहीत आणि परस्परांपासून वेगळी करणेही कठीण असते. येथे 'रेअर'चा रोख वस्तूच्या प्रमाणापेक्षा ती मिळविणाऱ्याच्या अडचणीकडे आहे. मराठीत यासाठी 'दुर्मिळ' हा स्वतंत्र शब्द आहे.

इंग्रजीत एकाच शब्दाने पेललेले हे अर्थ मराठीत तीन शब्दांत वाटले गेले आहेत. 'विरळ' हे वस्तूंच्या विन्यासाचे वर्णन, 'दुर्मिळ' हे शोधकाच्या कष्टाचे, तर 'विलक्षण' हा आस्वादकाचा निर्णय. असे असूनही मराठी समीक्षेत 'दुर्मिळ अनुभव देणारी कविता' यासारखी विधाने सर्रास आढळतात. अशा विधानातून अन्य कवितांच्या तुलनेत तिचे क्वचितपण सूचित होते. तिच्या गुणवत्तेविषयी मात्र काहीच सिद्ध होत नाही. सुमार कविताही आपल्या परीने एकमेव असू शकते. क्वचितपणा हा गुणाचा पुरावा मानला, की समीक्षकावरील कारणे देण्याची जबाबदारी टळते. 'रेअर'चा इतिहास ही पळवाट कशी तयार झाली, हे दाखवितो. मराठीतील शब्दभेद ती बंद करण्याचे साधन हाती देतो.