गवतातला खंडोबाचा किडा : प्रस्तावना

खंडोबाचा किडा म्हणा की प्रार्थनाकीटक, पावसाळा सरता सरता तो घरातल्या दिव्यावर येऊन बसलेला बहुतेकांनी पाहिलेला असतो. मात्र दिव्यावर येतात ते बहुधा नर, सडपातळ आणि उडण्यात तरबेज. अंगाने भरलेली मादी गवत सोडून फारशी हलत नाही. तिला भेटायचे तर गवतातच उतरायला हवे, आणि त्यासाठी कीटकशास्त्राची पदवी लागत नाही.

जगभरात या गटाच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत. त्यांचे सख्खे नातलग नाकतोडे नव्हेत, तर झुरळे आणि वाळवी! नवखा माणूस जात ओळखताना आधी रंग पाहतो आणि तिथेच फसतो, कारण एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही सापडतात. रंगापेक्षा पुढच्या पायांची आतली बाजू कितीतरी बोलकी. स्टॅटिलिया मॅक्युलाटा वरून अगदी साधा तपकिरी, पण पाय उघडले की आत निळे-काळे डाग. म्हणून पाठीचे दहा फोटो काढण्यापेक्षा पायाचा एक काढावा. नर-मादी ओळखायला पोटाखालची वलये मोजावीत : मादीची सहा दिसतात, नराची आठ. पंख न फुटलेल्या पिल्लाला मात्र जातीचे नाव द्यायची घाई नको.

आपल्या माळावरचा खरा गवतकरी म्हणजे शिझोसेफाला बायकॉर्निस. लिनिअसने 1758 मध्येच त्याची नोंद केली होती. डोळे शंकूसारखे, टोकदार. अंग काडीसारखे लांब. पुढचे पाय सरळ ताणून तो देठाला चिकटतो, तेव्हा त्याच्यावर नजर ठरत नाही. सकाळचे तिरपे ऊन समोर घेऊन सावकाश चालावे. वारा पडला की थांबावे. सगळे गवत स्थिर असताना एखादीच काडी डुलत असेल, तर ती नीट न्याहाळावी. सापडलाच, तर त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका आपल्याबरोबर फिरतो असे वाटेल. ते बुबुळ नव्हे. आपल्या दिशेने रोखलेल्या नेत्रिका उजेड गिळतात, म्हणून तेवढाच भाग काळा दिसतो.

सरकारी कागदांवर असे माळ पुष्कळदा ‘पडीक’ असतात, ही आपली गंमत. हिवाळ्यात त्याच माळावर देठांना फेस वाळून घट्ट झालेले अंडकोश सापडतात. कोशावर बारीक गोल भोके असतील तर आतून पिल्ले नव्हे, परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडल्या असे समजावे. गवत कापणीला आले की हे कोश पेंढ्यांबरोबर गंजीत जातात, तेव्हा फेरी त्याआधी मारावी. पायांच्या आकृत्या पहिल्याच प्रकरणात दिल्या आहेत. निघण्यापूर्वी तेवढ्या पाहून घ्याव्यात.