ट्रंकेतला टीव्ही आणि साडीची घडी

मी लोहाऱ्याचा, पोटासाठी कोडिंग करतो. आजची गोष्ट पत्र्याच्या ट्रंकेची.

रझाकारांच्या धास्तीनं निजामाच्या हद्दीतली बरीच कुटुंबं सोलापूरकडं गेली. आमची आज्जी तेव्हा लहान पोर. अख्खा संसार एका ट्रंकेत.

आता थेट १९९८. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या, पाठोपाठ पाकिस्ताननंही केल्या. नलिनी मलानी १९४६ साली कराचीत जन्मल्या, फाळणीत घर सुटलं, पुढं मुंबईत जे.जे.त शिकल्या. त्यांनी मंटोच्या कथेवरून 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' हे व्हिडिओ इन्स्टॉलेशन केलं. पत्र्याच्या १२ ट्रंका, प्रत्येकीत टीव्ही. भिंतीवर अणुस्फोट. आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका एकाच साडीची घडी घालायला बघतात. मधे अख्खी खोली. घडी बसणार कशी?

आपलीही घडी अर्धीच आहे. रझाकारांचा जुलूम आपण दर १७ सप्टेंबरला आठवतो. पण १९४८च्या पोलिस ॲक्शननंतर मुसलमानांवर जे गुदरलं, ते सुंदरलाल समितीनं नोंदवलंय. सर्वाधिक झळ बसलेल्या ४ जिल्ह्यांत आपला उस्मानाबादही होता. तो विषय निघाला की आज्जी आवाज खाली करायची. "शेजारचं घर रिकामं झालं," एवढंच म्हणायची.

फोन माझ्या हातातच असायचा. रेकॉर्ड मात्र कधी केलं नाही. आता आज्जी नाही.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल, तर आजच रेकॉर्डिंग सुरू करा. आणि शेजारच्या घराबद्दलही विचारा.